ओठावरची गाठ आणि एक पंधरवडा

मनुष्याच्या शरीरात ओठासारखी सदैव उघड्यावर असलेली आणि तरीही दुर्लक्षिली जाणारी जागा दुसरी क्वचितच असेल. दिवसातून दोनदा तरी आपण आरशासमोर उभे राहतो, भांग पाडतो, कुंकू लावतो, दाढी करतो. परंतु खालचा ओठ बोटाने उलटवून त्याची आतली बाजू न्याहाळल्याचे किती जणांना आठवेल? मग एके दिवशी जेवताना जीभ कशाला तरी अडखळते, बोट तिकडे जाते आणि ओठात मिऱ्याच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागते. ती केव्हा आली, कशाने आली, याचा पत्ता नसतो. अशा वेळी आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारची माणसे आढळतात. एक त्याच रात्री कर्करोगाच्या धास्तीने झोप घालवून बसतो. दुसरा 'दुखत तर नाही ना, मग राहू दे' असे म्हणत ती गाठ वर्ष वर्ष जवळ बाळगतो. हे दोघेही चुकतात. परंतु पहिल्याची फक्त झोप जाते, दुसऱ्याचे कधी कधी सर्वस्व जाते. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हास आवश्यक वाटते.

ओठ म्हणजे केवळ कातडीची एक घडी नव्हे. त्याला बाहेरून त्वचा आहे, आतून ओले मऊ अस्तर आहे आणि या दोहोंच्या मध्ये तांबूस रंगाची नाजूक पट्टी आहे. आत स्नायू आहेत, रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे, आणि लाळ पाझरणाऱ्या बारीक बारीक ग्रंथी आहेत. यांपैकी प्रत्येक घटकातून वेगळ्या जातीची गाठ उद्भवू शकते. ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. सुश्रुताने मुखाचे रोग पासष्ट मोजले आणि त्यांतले आठ एकट्या ओठांचे सांगितले. त्या आठांमध्ये आघातामुळे होणारा विकार त्याने वेगळा काढला आहे, ही त्याच्या सूक्ष्म निरीक्षणाची साक्ष होय. वाग्भटाने तर ओठावर पाण्याच्या बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या गाठीला 'जलार्बुद' असे नाव दिले.

आजच्या दंतवैद्याकडे ओठातील गाठ घेऊन जे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचे दुखणे या जलार्बुदाशी मिळतेजुळते असते. घास चावताना दात ओठावर पडतो किंवा मुलाला ओठ चावण्याची खोड असते. त्या आघाताने एखाद्या लाळग्रंथीची बारीक नळी फाटते आणि लाळ बाहेर न येता आतल्या आत साठते. त्यातून मऊ, किंचित निळसर, पारदर्शक अशी गाठ तयार होते. ती बहुधा खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस असते, दुखत नाही, कधी आपोआप फुटते आणि काही दिवसांनी पुन्हा भरते. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये ती विशेष आढळते. तिच्यापासून धोका नाही. मात्र सुईने टोचून ती जात नाही. वारंवार भरणारी गाठ त्या बिघडलेल्या ग्रंथीसह काढून टाकणे हाच तिच्यावरचा उपाय. येथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अशी पाण्याची गाठ वरच्या ओठात क्वचितच होते. वरच्या ओठात हळूहळू वाढणारी टणक गाठ लागली, तर ती लाळग्रंथीची अर्बुदरूप वाढ असण्याचा संभव अधिक, आणि म्हणून ती विनाविलंब दाखवावी.

दुसरा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठतो, आणि घरातली वडीलधारी माणसे 'अंगातला ताप बाहेर पडला' असे म्हणून निर्धास्त होतात. वस्तुतः तो ताप नव्हे. नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद असलेला एक विषाणू आहे. पन्नास वर्षांखालील जगातील जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात तो वास करून असतो. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी तो दडून बसतो आणि ताप, जागरण, कडक ऊन, मासिक पाळी, मानसिक ताण असे निमित्त मिळताच पुन्हा ओठावर येतो. आधी चुरचुर होते, मग पाण्याचे फोड येतात, ते फुटतात, खपली धरते, आणि आठ-दहा दिवसांत सारे शांत होते. दुखते खूप, पण बिघडवीत नाही. पथ्य एवढेच, की फोड असताना तान्ह्या मुलाचा मुका घेऊ नये. नवजात अर्भकाला हा विषाणू प्राणघातक ठरू शकतो. बाळंतिणीला व बाळाला भेटायला जाणाऱ्या आप्तेष्टांनी हे पथ्य विसरू नये.

आपल्या किनाऱ्याची म्हणून काही खास कारणे आहेत. वैशाखात झाडाखालचा आंबा उचलून, देठाचा चीक न काढता तसाच तोंडाला लावणारी मुले आपण पाहतो. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतात आणि कडेला पुरळ उठते. काजूच्या हंगामात ओली बी दाताने फोडणाऱ्याचे ओठ पोळतात, कारण काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळण्याइतके तीव्र असते. आंबा, काजू आणि बिब्बा ही झाडे एकाच कुळातील आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या साधर्म्याचे नवल वाटत नाही. सुंगटे किंवा कुर्ल्या खाल्ल्यावर काही मिनिटांतच ज्यांचे ओठ फुगतात, त्यांची गोष्ट मात्र निराळी. तशीच सूज रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही येते. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' हा शब्द असतो, ती एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारखी औषधे अनेक महिने निर्वेध घेतल्यानंतरही एखाद्या दिवशी ओठ व जीभ सुजवू शकतात. अशा सुजेसोबत आवाज घोगरा झाला, गिळणे कठीण झाले किंवा श्वास अडू लागला, तर तो घरगुती उपायांचा विषय राहत नाही. त्या क्षणी इस्पितळ गाठावयास हवे.

निरुपद्रवी गाठींची यादी याहून मोठी आहे. ओठावर रव्याच्या कणांसारखे पिवळसर ठिपके दिसले की तरुण मुले-मुली घाबरून जातात. ते रोगाचे चिन्हच नव्हे. तेलग्रंथी वाट चुकून तेथे आल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. फोर्डाइस नावाच्या अमेरिकन वैद्याने १८९६ साली त्यांचे वर्णन केले. बहुसंख्य प्रौढांत ते आढळतात आणि त्यांना औषध लागत नाही. वयस्कांच्या खालच्या ओठावर कधी जांभळ्या रंगाचा मऊ फुगवटा येतो. बोटाने दाबला की तो रिता होतो आणि सोडला की पुन्हा भरतो. ती फुगलेली रक्तवाहिनी होय. ओठ सतत चावल्याने एके ठिकाणी मांसाचा घट्ट गोळा तयार होतो. गरोदरपणात हिरडीवर किंवा ओठावर लाल, किंचितशा स्पर्शाने रक्त येणारी गाठ वाढते आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप ओसरते. वरच्या ओठावर केसतोड झाले असता ते पिळण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण त्या भागातील शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असतो आणि पू उलट दिशेने आत शिरण्याचा धोका असतो.

एका कारणाचा उच्चार आपल्या घरात सहसा होत नाही, म्हणून तो येथे करतो. गरमीचा, म्हणजेच उपदंशाचा, पहिला व्रण कधी कधी ओठावर उमटतो. सोळाव्या शतकात भावमिश्राने या रोगाला 'फिरंग' असे नाव दिले. तो दर्यावर्दी परकीयांबरोबर आला, ही त्या काळची समजूत त्या नावातच गोठून राहिली आहे. हा व्रण कडक असतो, दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत आपला आपण भरून येतो. तो भरला म्हणजे रोग गेला, असे मात्र नव्हे. रोग रक्तात राहतो आणि पुढे हळूहळू शरीर पोखरतो. पेनिसिलिनने तो बरा होतो. तेव्हा लाजेपोटी गप्प बसून आयुष्यभराचे दुखणे ओढवून घेण्यात कसला शहाणपणा?

आता मुख्य भयाकडे वळू. ओठावरील बहुतेक गाठी साध्या असतात, हे खरे. परंतु आपल्या देशात तोंडाचा कर्करोग हा विरळा रोग नव्हे. २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ७५ हजार माणसे दगावली. ओठाचा कर्करोग आणि तंबाखू यांचे नाते तर फार जुने आहे. सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७९५ सालीच चिलमीचा दांडा ओठात धरणाऱ्यांना ओठाचा कर्करोग होतो, याकडे बोट दाखविले होते. गोऱ्या कातडीच्या देशांत शेतकऱ्यांच्या आणि दर्यावर्दींच्या खालच्या ओठावर तो उन्हाने होतो, कारण खालचा ओठ ऊन झेलतो आणि त्याच्यापाशी स्वतःचा बचाव करण्याइतका रंग नसतो. आपल्या सावळ्या कातडीला हे भय तुलनेने कमी असले, तरी जन्मभर रापण ओढणाऱ्या किंवा मिठागरात राबणाऱ्या माणसाचा ओठ कायम कोरडा, खवलेदार राहू लागला आणि ओठाची रेघ पुसट होऊ लागली, तर तीही दुर्लक्षिण्याची गोष्ट नव्हे. रुंद काठाची टोपी हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

आपला खरा शत्रू मात्र आभाळात नाही. तो खिशात आणि कनवटीला आहे. चुन्यात मळलेल्या तंबाखूची गोळी खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत धरून ठेवली जाते. तासन् तास, वर्षानुवर्षे, त्याच एका जागी. नेमक्या त्याच जागी आधी पांढुरका, सुरकुतलेला चट्टा पडतो, आणि काहींच्या बाबतीत पुढे त्याच जागी गाठ उभी राहते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी कोकणातल्या कितीतरी घरांत स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने लावतात. दिवसातून दोनदा, मग चारदा, असे ते व्यसन बनते, आणि ते व्यसन आहे असे कोणी म्हणत नाही. गोव्यातील श्रमिक वर्गात धुमटी ओढण्याची चाल होती, आणि काही स्त्रिया तिचे पेटते टोक तोंडाच्या आत धरून ती ओढीत असत. वैद्यकीय ग्रंथांत त्याची नोंद आहे. दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली तंबाखू विकला जाऊ नये, म्हणून १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. गोव्याच्या विधानसभेने १९९७ साली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांविरुद्ध कायदा केला, आणि २००५ साली गुटख्यावर बंदी आणली. या कायद्यांचे श्रेय ज्यांचे त्यांना द्यावयासच हवे. परंतु कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो, ओठाच्या खाचेपर्यंत पोहोचत नाही.

सुपारीविषयी बोलताना आपली जीभ जड होते, हे आम्ही जाणतो. विडा हा आपल्या आतिथ्याचा, पूजेचा, लग्नकार्याचा भाग आहे. फोंडा, सत्तरी, सांगे येथील कुळागरांवर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तरीही सत्य सांगणे प्राप्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, तंबाखू नसलेला सुपारीचा विडादेखील मनुष्यात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्वाळा दिला आहे. रोज सुपारी चघळणाऱ्यांच्या गालांचे व ओठांचे अस्तर निबर होत जाते, तिखट सोसवेनासे होते आणि तोंड उघडणे कठीण होते. उभी धरलेली आपली तीन बोटे दातांमधून आत जात नसतील, तर ती धोक्याची सूचना समजावी. देवापुढे मांडलेल्या विड्यावर आमचा आक्षेप नाही. तो विडा दिवसभर तोंडात घोळवण्यावर आहे.

या साऱ्या विवेचनावरून वाचक विचारतील की, इतक्या प्रकारांतून आपली गाठ कोणती, हे आम्ही ओळखायचे कसे? त्यावर आमचे सरळ उत्तर असे, की ते आपण ओळखू नये. गाठीचे नाव ठरविणे हे वैद्याचे काम आहे. गृहस्थाच्या हाती एकच माप आहे, आणि ते म्हणजे काळ. ताप फुटल्याचे फोड, चावल्याची जखम, चिकाचे पुरळ, उष्णतेचे तोंड, ही सारी दुखणी साधारणपणे पंधरा दिवसांत ओसरतात. म्हणून अमावास्येला दिसलेली गाठ, चट्टा किंवा व्रण पौर्णिमेलाही जागेवर असेल, तर तो दाखवायचा. मग तो लहान असो की मोठा, दुखो अथवा न दुखो. पंचांग घरोघरी आहे. तिथीवर खूण करावयास पैसा पडत नाही.

'दुखो अथवा न दुखो' या शब्दांवर आम्ही मुद्दाम भर देतो. वेदना हीच रोगाची दवंडी, अशी आपली परंपरागत समजूत आहे. ओठाच्या बाबतीत ती उलटी पडते. जो फोड रात्रभर ठणकतो तो बहुधा आठवड्यात बरा होतो. आणि जो कर्करोग पुढे प्राण घेतो, तो आरंभी पुष्कळदा मुळीच दुखत नाही. तो दुखू लागतो तेव्हा त्याने मुळे धरलेली असतात. जागची न हलणारी, कडक कडांची गाठ, न भरणारा व्रण, विनाकारण येणारे रक्त, लाल किंवा पांढरा चट्टा, ओठाला आलेली बधिरता, मानेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही दिसले तर पंधरवडा पुरा होण्याचीही वाट पाहू नये.

पाहावयाचे कसे, हेही सोपे आहे. महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर, चूळ भरून उभे राहावे. खालचा ओठ खाली ओढून आणि वरचा ओठ वर उचलून आतली बाजू पाहावी. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ओठ धरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चाचपावा. गालांच्या आतील बाजू आणि जिभेच्या कडाही पाहाव्यात. दोन मिनिटांचे हे काम आहे. या साध्या पाहण्याचे मोल किती, हे केरळात सिद्ध झाले आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या तेरा पंचायतींत १९९६ पासून एक मोठा प्रयोग करण्यात आला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी काही पंचायतींत घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा असे दिसून आले, की तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अशा तपासणीमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. तेथे महागडे यंत्र नव्हते. होता तो उजेड, आणि पाहणारा डोळा.

मग जे केरळच्या पंचायतींना साधले, ते आमच्या पंचायतींना का साधू नये? गोव्याची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ सालापासूनची आहे. १९८० पासून बांबोळीला दंतमहाविद्यालयही आहे. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासतात. त्याच रांगेत तोंड उघडून पाहण्याची व्यवस्था करणे अशक्य नाही. विशेषतः मशेरी लावणाऱ्या गृहिणी आणि मासळी बाजारात बसणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत ही तपासणी आपण होऊन गेली पाहिजे, कारण घरातल्या सर्वांना जेवू घालून झाल्यावर स्वतःच्या तोंडाकडे पाहण्याची सवड त्यांना नसते. शासनाने हे करावे, ही आमची मागणी आहे. तोवर प्रत्येक घराने आपल्या आईचे आणि आजीचे तोंड पाहावे, ही विनंती आहे.

शेवटी एका गैरसमजाचा समाचार घेणे जरूर आहे. 'गाठीला सुरी लावली की ती पसरते' या समजुतीने आजवर किती जणांना उशीर केला असेल, याची गणती नाही. गाठीचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही निदानाची पद्धत आहे. त्या तुकड्याने रोग पसरत नाही; निदानाला लागलेल्या विलंबाने तो पसरतो. उशिरा आलेल्या रुग्णाचे शरीर आधीच पोखरलेले असते, आणि दोष मात्र सुरीच्या माथी येतो. उलट ओठाचा कर्करोग लहान असताना हाती लागला, तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बहुसंख्य रुग्ण बरे होतात. पुष्कळदा मागे उरतो तो एक लहानसा व्रण.

आपल्या भाषेत ओठ हा मौनाचाही अवयव आहे. ओठ मिटून सोसणे हा आपण गुण मानतो, आणि संसारात तो पुष्कळ ठिकाणी कामासही येतो. पण जे दुखणे खुद्द ओठावरच येऊन बसले आहे, त्याच्या बाबतीत हे सोसणे गुण ठरत नाही. त्याला एक पंधरवड्याची मुदत द्यावी. मुदत संपताच तोंड उघडावे, वैद्यापुढे आणि घरच्या माणसांपुढेही. शंभरांतील बहुतेक जण हसत घरी परततील. उरलेल्यांना आपण वेळेवर गेलो, एवढेच पुण्य तारून नेईल.